कोपानचा न कळणारा दगड: प्रिझम, पेन्सिल आणि एका व्यावसायिक चित्रकाराचं प्रकरण

नोव्हेंबर १८३९. होंडुरासच्या पश्चिम सीमेजवळ, कोपान नदीकाठच्या दाट जंगलात, माया लोकांच्या उजाड नगरीत, फ्रेडरिक कॅदरवूड हा चाळीस वर्षांचा इंग्रज चित्रकार चिखलात उभा राहून काम करतोय. डासांच्या भीतीनं हातमोजे घालूनच पेन्सिल धरली आहे. समोर बारा-तेरा फूट उंचीचा, चारही अंगांनी तळापासून शेंड्यापर्यंत कोरलेला दगडी स्तंभ. त्याला या कामावर आणणारा अमेरिकन वकील-लेखक जॉन लॉइड स्टीफन्स आणखी अवशेष हुडकून मोठ्या उत्साहानं परत आला, तेव्हा कॅदरवूडचा चेहरा पडलेला होता. कॅमेरा ल्युसिडा हे प्रिझमचं रेखाटन-साधन लावून प्रयत्न झाले होते, तो बाजूला ठेवून नुसत्या हातानंही झाले होते. एकही चित्र त्याच्या पसंतीस उतरत नव्हतं. स्टीफन्सची नजर तेवढी कडक नव्हती, तरी त्यालाही ती पटली नाहीत. झाडावरची दोन माकडं जणू चित्रकाराला हसत होती, असं त्यानं नंतर लिहून ठेवलं.

साधन लावायचं की मुक्तहस्त काढायचं, हा वाद आपल्याकडे शाळेतच सुरू होतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्यांना आठवत असेल: कर्तव्य भूमितीच्या पेपरला कंपास, गुण्या, टोकदार एच पेन्सिल असा सगळा जामानिमा, आणि वस्तुचित्राच्या पेपरला कुणी फूटपट्टी काढली की पर्यवेक्षकांनी डोळे वटारलेच. त्यातून एक समज घट्ट बसतो, की हातानं काढतो तो चित्रकार आणि साधन लावतो तो ड्राफ्ट्समन. पुढे पोटापाण्याची कामं मिळू लागली की हाच समज काहींना न्यूनगंड होऊन छळतो आणि काहींच्या डोक्यात मिजास होऊन बसतो. कोपानचं प्रकरण मला इथे फार कामाचं वाटतं. एकाच माणसानं एकाच दगडापुढे दोन्ही वाटा करून पाहिल्या, पहिल्या दिवशी दोन्ही फसल्या, आणि त्यानंतर काय केलं याची नोंद शिल्लक आहे.

माणूस आणि त्याला दिलेलं काम

कॅदरवूड हौशी प्रवासी नव्हता. १७९९ मध्ये लंडनला जन्म, शिक्षण वास्तुकलेचं, विशीपासून सिसिली, ग्रीस, इजिप्त अशी भटकंती आणि तिथल्या इमारतींची मापं घेऊन काढलेली चित्रं. १८३३ मध्ये जेरुसलेमच्या घुमटाच्या मशिदीत, जिथे तेव्हा मुसलमानेतरांना प्रवेशच नव्हता, तिथे तो इजिप्शियन अधिकाऱ्याच्या वेषात शिरला आणि सरळ कॅमेरा ल्युसिडा मांडून बसला. भोवती संतापलेली गर्दी जमली, पण खुद्द तिथला सुभेदारच त्याला इजिप्तच्या पाशाचा माणूस समजला म्हणून निभावलं. त्यानंतर सहा आठवडे त्यानं तिथे काम केलं. जिवावर बेतलं तरी साधन खिशात घालून नुसत्या नजरेनं काढावं असं त्याला वाटलं नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगं आहे.

त्याच्या जेरुसलेमच्या रेखाटनांवरून लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये पॅनोरामा उभा राहिला: गोल इमारत, आतल्या भिंतीवर सलग फिरणारं अवाढव्य चित्र, मधल्या ओट्यावर तिकीट काढून आलेले प्रेक्षक. या धंद्यात प्रमाण चुकलं की आभास मोडतो आणि गल्ला बसतो. पुढे न्यूयॉर्कला त्यानं स्वतःचा पॅनोरामा काढला. म्हणजे कोपानला उतरला तो माणूस मापाचा पक्का, साधनाला सरावलेला आणि चित्रावर पोट असलेला होता.

स्टीफन्सला हवं होतं ते मात्र देखण्या चित्रापेक्षा वेगळं होतं. त्याला पुरावा हवा होता. मध्य अमेरिकेतल्या अवशेषांची चित्रं आधी छापली गेली होतीच, पण त्यांच्यावर विसंबावं असं काही नव्हतं. जाँ-फ्रेदरिक वाल्डेक यांचा युकातानवरचा ग्रंथ १८३८ मध्येच पॅरिसला निघाला होता. वाल्डेक यांच्या हातात कसब भरपूर होतं. पण त्यांच्या चित्रांत युकातानातल्या उश्माल या माया नगरीच्या इमारतीवरच्या मूर्तींना ग्रीक-रोमन पुतळ्यांची अंगकाठी मिळते आणि पालेंके या दुसऱ्या माया नगरीच्या लेखातल्या खुणांमध्ये चक्क हत्तींची डोकी उगवतात. हे लोक कुठून आले, इजिप्तमधून की भारतातून की आणखी कुठून, याचं उत्तर आधी ठरलेलं आणि रेषा त्या उत्तराच्या मागे चाललेली. स्टीफन्सला नेमका हाच प्रश्न मोकळा ठेवायचा होता. वाचकानं दगड पाहावा आणि स्वतः ठरवावं.

पहिल्या दिवशी दोन्ही का फसलं

कॅमेरा ल्युसिडाबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो, की त्यात कागदावर प्रतिमा पडते आणि चित्रकार ती नुसती गिरवतो. तसं होतं कॅमेरा ऑब्स्क्युरात, म्हणजे प्रतिमा पाडणाऱ्या अंधाऱ्या पेटीत. ल्युसिडा म्हणजे पितळी दांड्यावर बसवलेला चार बाजूंचा चिमुकला प्रिझम. विल्यम हाइड वुलस्टन यांनी १८०६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. डोळा प्रिझमच्या कडेवर असा धरायचा की अर्ध्या बुबुळातून खालचा कागद दिसेल आणि उरलेल्या अर्ध्यातून, प्रिझमच्या आत दोनदा परावर्तित होऊन आलेलं समोरचं दृश्य. दोन्हींची सांगड मेंदूत बसते. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तिथे कोरा कागदच दिसणार.

वापरून पाहिलं की त्याच्या खोडी कळतात. डोकं जरा हललं की प्रतिमा सरकते. दृश्य फार उजळ असेल तर पेन्सिलीचं टोक दिसेनासं होतं. उलट दृश्य अंधारं आणि कागद उजळ असेल तर दृश्यच विरतं. आता कोपानचं जंगल आठवा. डोक्यावर पानांचं दाट छत, खाली हिरवट काळोख, स्तंभावर शेवाळ. शिल्प एवढ्या उठावाचं की कडक उजेड पडल्याशिवाय आकार सुटे होत नाहीत. त्यात डास हाकताना मान हलणार आणि हातात मोजे. साधन निकामी ठरण्याची सगळी तयारी तिथे होती.

पण उजेड हा अर्धाच भाग. प्रिझम सांगतो की अमुक कड कागदावर अमुक जागी येते. ती कड कशाची, हे तो सांगत नाही. ग्रीक स्तंभापुढे बसलेल्या वास्तुविशारदाला ते सांगावं लागत नाही. पन्हळी कुठे संपणार आणि वेटोळं कुठे वळणार हे त्याला पाठ असतं. कोपानच्या स्तंभावर मधोमध राजाची उभी मूर्ती आहे, तिच्या शिरोभूषणात मुखवटे, मुखवट्याच्या जबड्यातून डोकावणारा आणखी एक चेहरा, छातीशी आडव्या धरलेल्या दंडाच्या दोन्ही टोकांतून बाहेर येणारे सर्प, कमरपट्ट्यावर पुन्हा चेहरे, आणि या सगळ्यांतून वाहणारे पिसांचे पट्टे. पाठीवर आणि कुशीला लिपी. आज आपल्याला ठाऊक आहे की यातले बहुतेक स्तंभ वाशाक्लाहून उबाह काविल या राजानं इ.स. ७११ ते ७३६ या काळात उभे केले. कॅदरवूडला यातलं काहीच माहीत नव्हतं. शेकडो कडा दिसत होत्या आणि कुठली कड पिसाची, कुठली ओठाची, कुठली दगडाला गेलेल्या तड्याची, हे ओळखण्याचा आधार नव्हता.

मग प्रिझम काढून हातानं काढायला घेतलं तर वेगळीच पंचाईत. मुक्तहस्त रेखाटन वेगानं होतं, कारण हात ओळखीच्या आकारांवर चालतो. नाक म्हटलं की नाकाची वळणं बोटांत असतातच. डोळा फक्त फरक तपासतो. कॅदरवूडच्या बोटांत दहा-पंधरा वर्षांचं इजिप्त आणि ग्रीस भरलेलं होतं. माया शिल्पापुढे ती सवय कामाची नव्हती, उलट घातकच होती. त्याचं श्रेय असं की त्यानं ते ओळखलं आणि कागद बाजूला सारले. दुसऱ्या कुणी तेवढ्यावर एक झकास, चुकीचं चित्र काढून मालकाला खूश केलं असतं. तशी चित्रं छापलीही जात होती.

मग काय बदललं

पुढची हकिगत पाहिली तर हुनराचा साक्षात्कार वगैरे काही नाही, नुसती कष्टाची व्यवस्था आहे. आधी एकच स्तंभ निवडला. त्याच्याभोवतीची झाडं तोडून ऊन आत येऊ द्यायचं ठरलं. कुऱ्हाड नव्हती, गावातून आणलेल्या मजुरांनी माचेटे, म्हणजे आपल्या कोयत्यासारखं पातं, चालवून ती झाडं पाडली. त्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत, पण त्यांच्या मेहनतीवाचून कॅदरवूडचा प्रिझम खोक्यातच राहिला असता. जागेच्या मालकानं अडवणूक करू नये म्हणून स्टीफन्सनं कोपानचे अवशेष पन्नास डॉलरला विकत घेतले. आजच्या वाचकाला हसू येईल किंवा संतापही येईल, पण चित्रकाराच्या बाजूनं पाहिलं तर त्याला विनाव्यत्यय बसायला जागा मिळाली.

कामाची रीतही ठरून गेली. स्टीफन्सनं ती स्पष्ट लिहिली आहे: सगळ्या चित्रांची बाह्यरेषा कॅमेरा ल्युसिडानं घ्यायची आणि प्रमाण बिघडू नये म्हणून कागद चौकटींत विभागायचा. या चौकटींना मी फार महत्त्व देतो. एवढा उंच, गुंतागुंतीचा स्तंभ एका दमात प्रिझममधून उतरवायला गेलं की डोळा शिणतो, मान सरकते आणि वरचा भाग खालच्याशी जुळत नाही. चौकट आखली की प्रत्येक तुकडा आपल्या जागी अडकतो. एका चौकटीतली चूक पुढच्या चौकटीत वाहून जात नाही.

चौकटीच्या आत मात्र काम हाताचंच. आणि इथे मला वाटतं, साधनाचा खरा फायदा लोक समजतात तो नाही. कॅमेरा ल्युसिडानं कॅदरवूडची मेहनत फारशी वाचवली नाही. तो महिनोन्महिने तापानं फणफणत राबतच होता. साधनानं त्याला एका गोष्टीतून सोडवलं: अर्थ लावण्यातून. हे काय आहे हे न ठरवताही ते जिथे आहे तिथे मांडता येतं, एवढी सोय झाली. जाणत्या वस्तूला मुक्तहस्त पुरतो, कारण जाण हीच तिथे मोजपट्टी असते. जी वस्तू कळलेली नाही आणि जिच्यावर दुसरं कुणीतरी पुढे विसंबणार आहे, तिथे साधन न लावणं ही मला बेजबाबदारी वाटते. मग हात कितीही तयार असो.

उलट बाजूही खरीच. चौकटीत नुसत्या कडा टिपत गेलं की चित्र मेलेलं निघतं. कॅदरवूडच्या छापील पाट्यांवर दगडाचा गोलावा, खोल कोरलेल्या भागातली सावली, झिजलेल्या कडेचा बोथटपणा हे सगळं आहे, आणि ते प्रिझममधून येत नाही. कुठली रेषा जाड, कुठली पुसट, हे त्यानं तासन्‌तास पाहून ठरवलेलं आहे. एकाच राजाचे स्तंभ एकामागून एक काढताना आकारांची पुनरावृत्ती त्याच्या बोटांत उतरत गेली असणार, हा माझा तर्क. प्रमाण पक्कं झाल्यावर हाताला शिकायला सवड मिळते.

लंडनचा लाकडी ठसा

चित्रकाराचं काम कागदावर संपतं असं समजणाऱ्यांनी या प्रकरणातला पुढचा भाग जरूर पाहावा. १८४१ च्या ग्रंथासाठी काही चित्रं लाकडावर कोरून घ्यायचं ठरलं आणि ती लंडनच्या नावाजलेल्या कारागिरांकडे गेली. ठसे आले ते सुरेख, चित्र म्हणून प्रभावी. फक्त त्यांत मूळ शिल्पाचं रूप आणि चेहऱ्यांवरचा भाव उरला नव्हता. कोपानच्या पहिल्या दिवशी जे कॅदरवूडच्या हातून होऊ पाहत होतं, तेच तिऱ्हाइतांच्या हातून लंडनमध्ये झालं: सवयीच्या वळणांनी न कळलेली जागा भरून काढली.

स्टीफन्सनं पैसा आणि वेळ दोन्हींवर पाणी सोडून ते ठसे बाद केले आणि सगळं पोलादी पाट्यांवर नव्यानं कोरून घेतलं. लहान आकारातली चित्रं कॅदरवूडनं स्वतः काढून दिली, मूळ मोठी चित्रंही कोरणाऱ्याच्या समोर ठेवली, आणि प्रत्येक पाटीचं प्रूफ कॅदरवूडच्या दुरुस्तीसाठी परत आलं. आजच्या भाषेत सांगायचं तर फायनल फाइल पाठवून हात झटकले नाहीत. आपल्याकडे पुस्तकांच्या कामात प्रूफ चित्रकाराला दाखवायची पद्धत अजून किती ठिकाणी आहे, हे ज्याचं त्यानं आठवावं.

कॅमेरा आला तेव्हा

१८४१ च्या शरदात ही मंडळी पुन्हा युकातानला गेली. सोबत बोस्टनचा डॉक्टर आणि पक्षीतज्ज्ञ सॅम्युएल कॅबट होता, आणि न्यूयॉर्कमध्ये मिळालं तेवढं उत्तम डॅगेरोटाइपचं, म्हणजे धातूच्या पाटीवर फोटो घेण्याचं, यंत्र. छायाचित्रण जाहीर होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. हातानं काढण्याचा खेळ आता संपला असं कुणालाही वाटावं असा हा क्षण.

उश्मालला पोचताच कॅदरवूडनं यंत्र लावलं आणि थोड्याच दिवसांत सोडूनही दिलं. कारण अगदी धंदेवाईक आहे. त्या इमारतींच्या दर्शनी भागावर पुढे आलेले कंगोरे आणि नक्षी एवढी, की भर उन्हात एक भाग लख्ख आणि शेजारचा काळाकुट्ट. काळ्या भागातलं पाटीवर काहीच उमटत नसे. ते दृश्य कागदावर उतरवून, नसलेले भाग भरून मग कोरणाऱ्याला द्यायचे तर नव्यानं पूर्ण चित्र काढण्यापेक्षा जास्त खटाटोप. तेव्हा त्यानं पुन्हा पेन्सिल आणि कॅमेरा ल्युसिडा हाती घेतला. यंत्र स्टीफन्स आणि कॅबट यांनी सांभाळलं. पण डॅगेरोटाइप फेकून दिले नाहीत. ताळा पाहता यावा म्हणून ते चित्रांसोबत कोरणाऱ्यांच्या हवाली केले.

उश्मालचा राजवाडा, ज्याला गव्हर्नरचा वाडा म्हणतात, त्याचा दर्शनी भाग तीनशे फुटांहून लांब आहे, आणि वरचा अर्धा भाग तुकड्या-तुकड्यांच्या दगडी नक्षीनं भरलेला. कॅदरवूडनं त्याची एवढी बारकाईनं मापचित्रं काढली की त्यांच्यावरून हुबेहूब दुसरा वाडा बांधता येईल, असं स्टीफन्स लिहितो. ही फुशारकी मानली तरी तिचा रोख पाहा. तो कौतुक चित्राच्या सौंदर्याचं करत नाही, उपयोगाचं करतो.

मग कॅदरवूड नुसता मोजणारा होता का? १८४४ मध्ये त्यानं लंडनला पंचवीस मोठ्या शिळाछाप चित्रांचा संच काढला, प्रती तीनशे. त्यांत आभाळ गडगडतंय, वीज चमकतेय, मुळांनी चौथरे फोडलेत, वेली लोंबताहेत. मुक्तहस्ताची सगळी हौस तिथे फेडून घेतलेली आहे. काही अभ्यासकांना हा रंगेलपणा खटकतो. मला नाही खटकत, कारण त्या वादळाच्या मधोमध उभा असलेला दगड तोच, प्रिझमनं मोजलेला आहे. जंगल कसंही काढा, उद्या त्याच्यावरून कुणी राजवंश ठरवणार नाही. स्तंभाला ती मोकळीक नाही. एकाच पानावर दोन नियम पाळणं ही मोठी व्यावसायिक शिस्त आहे, आणि ती पानावर कुठे लिहून सांगितलेली नाही, तरी दिसते. त्या संचात टुलुमच्या देवळाचं चित्र आहे. पुढ्यात दोन माणसं मापाची फीत ताणून उभी आहेत. त्यांतला एक स्वतः कॅदरवूड असावा असं मानतात. त्याचं दुसरं खात्रीचं व्यक्तिचित्र नाही.

त्याच्या मूळ रेखाटनांचा मोठा भाग १८४२ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या पॅनोरामाला लागलेल्या आगीत गेला. युकातानहून आणलेल्या कोरीव लाकडी तुळयाही गेल्या. आपल्या अजिंठ्याच्या नकलांचंही हेच झालं. रॉबर्ट गिल यांची बहुतेक चित्रं १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली, आणि जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून करवलेल्या नकलांपैकी कितीतरी १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत. उरतं ते छापलेलं. म्हणूनच कोरणाऱ्याच्या डोक्यावर बसून करून घेतलेल्या त्या पोलादी पाट्यांचं मोल.

हत्ती

चित्रं खरी की नाही याचा निकाल लागायला शंभराहून अधिक वर्षं जावी लागली. कॅदरवूडला माया लिपीतलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. तेव्हा कुणालाच येत नव्हतं. १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव यांनी ती लिपी उच्चारानुसारी असल्याचं मांडलं. १९६० मध्ये तातियाना प्रॉस्कुरियाकॉफ यांनी दाखवून दिलं की पिएद्रास नेग्रास या माया नगरीच्या शिलालेखांत राजांचे जन्म, राज्यारोहणं आणि मृत्यू नोंदलेले आहेत. प्रॉस्कुरियाकॉफ मूळच्या वास्तुकलेच्या पदवीधर. मायाविद्येत त्या आल्या त्या उत्खननाच्या जागी चित्रं काढायला. लेखांतला तो क्रम आधी त्यांना दिसला, यात टेबलावर बसून प्रत्येक शिळा रेषेरेषेनं तपासण्याच्या सवयीचा वाटा असणार, असं मला राहून राहून वाटतं. या वाचनानंतर जुनी चित्रं परत उघडली गेली आणि कॅदरवूडच्या पाट्यांवरच्या लिपिचिन्हांपैकी पुष्कळशी ओळखता येतात असं दिसलं. अर्थ माहीत नसताना काढलेली चिन्हं अर्थ कळल्यावर वाचता आली. वाल्डेक यांच्या हत्तींतून मूळ चिन्ह शोधायला पुन्हा दगडाकडेच जावं लागतं.

हत्तींनी मात्र पिच्छा सोडला नाही. अल्फ्रेड मॉड्स्ली यांनी १८८० नंतर कोपानचे स्तंभ छायाचित्रांत आणि प्लास्टरच्या साच्यांत उतरवले, आणि त्या साच्यांवरून अ‍ॅनी हंटर यांनी लंडनमध्ये नितांत काटेकोर रेखाचित्रं काढली. असं चोख साहित्य उपलब्ध असूनही १९२४ मध्ये ग्रॅफ्टन इलियट स्मिथ या नामांकित शरीरशास्त्रज्ञानं अख्खं पुस्तक लिहून सांगितलं की कोपानच्या ‘बी’ स्तंभाच्या माथ्यावर भारतीय हत्ती आहेत आणि वर माहूतही बसलेत. विरोधकांचं म्हणणं, हे मकाव पोपट आहेत, सोंड वाटते ती चोच. पुढे लिपी वाचता आली तेव्हा त्याच स्तंभावर ‘मकावाचा डोंगर’ या जागेचा उल्लेख सापडला.

काटेकोर चित्रानं चुकीचा अर्थ टाळला नाही, हे मान्य. पण वाद घालायला दोन्ही पक्षांसमोर तीच रेषा होती, आणि म्हणून तो मिटू शकला. चित्रकारानं आधीच सोंड काढून ठेवली असती तर पोपटाची बाजू मांडायला कागदावर काही उरलंच नसतं. स्टीफन्सनं त्याच्या ग्रंथाच्या शेवटी भारताचाही विचार केला आहे: तिथली प्राचीन वास्तू म्हणजे खडकात खोदलेली प्रचंड लेणी, या बांधकामांशी त्यांचं साम्य नाही. ही शहरं इथल्याच लोकांच्या पूर्वजांनी बांधली, असा त्याचा निष्कर्ष, आणि तो बरोबर निघाला. तो निष्कर्ष काढायची हिंमत त्याला झाली ती समोर तुलना करता येण्याजोगी चित्रं होती म्हणून.

आजच्या टेबलावर

आता टॅबलेटवर पर्स्पेक्टिव्हची जाळी एका बटणात येते, रेषा आपोआप सरळ होते, फोटोवर लेयर टाकून गिरवता येतं. त्यामुळे जुना वाद नव्या नावानं चालू आहे: ट्रेस केलं म्हणजे फसवलं. मला हा प्रश्नच वाकडा वाटतो. मुलांच्या पुस्तकातल्या वाड्याचा दिंडीदरवाजा गुण्याविना काढला तर तो अधिक राहता वाटतो, आणि तिथे जाळी लावणारा चित्रकार स्वतःचंच नुकसान करतो. तोच दरवाजा जतनाच्या अहवालासाठी काढायचा असेल तर नजरेचा अंदाज देणं चूक. आणि फोटोवर गिरवणाऱ्याची नेहमीची फजिती ही, की फोटोतल्या सावलीची कड तो वस्तूची कड म्हणून काढून मोकळा होतो. साधन लावल्यामुळे ही चूक झाली म्हणणं सोपं आहे; ती पाहणं सोडून दिल्यामुळे होते.

माया शिलालेखांच्या चित्रणात ही वाटणी आता रुळलेली आहे. इयन ग्रॅहम यांनी हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयातून चालवलेल्या आणि १९७० च्या दशकापासून खंडाखंडानं निघालेल्या शिलालेख-संग्रहाची पद्धत अशी: रात्री काळोखात, एका बाजूनं तिरका दिवा धरून शिळेचे फोटो घ्यायचे, म्हणजे झिजलेल्या खोबणीसुद्धा सावलीनं उठून येतात. दिव्याची जागा बदलून पुन्हा घ्यायचे. त्या फोटोंवर ट्रेसिंग करून रेषा काढायची आणि ती शिळेसमोर उभं राहून तपासायची. छापताना फोटो आणि रेखाचित्र शेजारी-शेजारी.

अलीकडे त्याच प्रकल्पानं कोपानच्या लेखयुक्त जिन्याचं त्रिमित स्कॅनिंग केलं. स्कॅनमध्ये दगडाचा कण न्‌ कण येतो, उजेड हवा तसा फिरवता येतो, झाड तोडावं लागत नाही. फक्त कुठला खळगा छिन्नीचा आणि कुठला पावसानं पाडलेला, हे स्कॅन सांगत नाही. ते ठरवायला अजूनही कुणीतरी त्यावर रेषा काढतं, आणि खात्री नसेल तिथे ती तुटक ठेवतं.